माझे पाय आणि नरसय्याचा मासा

सोलापुरात माझ्या तोंडापेक्षा माझे पाय जास्त लोक ओळखतात. हे मी अभिमानानं सांगत नाही. आरशांच्या आणि कंदिलांच्या दुकानात मी गादीवर बसलेला असतो, डोक्याला जरीकाठी फेटा असतो, आणि नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी वाकून माझे पाय बघतं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली दिसली की त्याची खात्री पटते आणि मग ते हसतं. हसलेलं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, हा माझा जुना अनुभव आहे.

या सगळ्याला एकच माणूस कारण आहे, नरसय्या फोटोवाला. तो आता इथं नाही, त्यामुळं त्याला त्याची बाजू मांडता येणार नाही असं कुणी म्हणेल. पण तो इथं होता तेव्हाही मांडत नव्हता. मी तावातावानं बोलायचो आणि तो ऐकत उभा राहायचा. माझं संपलं की म्हणायचा, "ओपिक, मालक, ओपिक." ओपिक म्हणजे तेलुगूत धीर. हा एक शब्द ऐकून माझं डोकं जेवढं तापलं तेवढं सोलापूरच्या वैशाखातसुद्धा तापलं नसेल.

त्याचं घर विणकरांच्या वस्तीत आणि फोटोचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. उंच, बारीक, किंचित पुढं वाकलेला. चालायचा असा, की डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी. चहा बशीत ओतून निवेपर्यंत बघत बसायचा, फुंकर मारायचा नाही. "फुंकलं की लाटा येतात," म्हणायचा. बशीतल्या चहाला लाटा आल्यानं कुणाची नाव बुडते, हे त्यानं कधी सांगितलं नाही. नाकावर माशी बसली तर ती आपल्या मर्जीनं उठेपर्यंत थांबायचा. मी एकदा न राहवून समोरच्या ओट्यावरून ओरडलो, "अण्णा, हाना की ती माशी!" तर तोंड न हलवता म्हणाला, "जाणारच आहे ती. तिला पण काम असतंय की."

हा धीर त्याला मागाच्या खड्ड्यात मिळाला. लहानपणी बाप माग चालवायचा आणि हा शेजारी बसून तुटलेले धागे जोडायचा. दिवसभरात शेकडो धागे तुटायचे. "तुटलेला धागा रागानं जोडता येत नाही," असं त्याचा बाप म्हणायचा म्हणे. मी मेंढरांमागं वाढलेला माणूस. आमच्या सांगोल्याकडं मेंढरू चुकलं तर धोंडा भिरकवायचा आणि शिवी हासडायची, तेवढ्यावर काम भागतं.

फोटोच्या खोलीत त्यानं एक रंगवलेला पडदा लावला होता. त्यावर राजवाडा, कारंजं आणि दोन मोर. त्यातल्या एका मोराची मान गिऱ्हाइकांच्या टोप्या घासून घासून नाहीशी झाली होती. लोक नवे कपडे घालून येत आणि खुर्चीत बसून लाकडासारखे ताठ होत. नरसय्या काळ्या फडक्यात डोकं घालून काचेवर चित्र बघायचा, मग बाहेर येऊन तिच्या जागी फोटो उमटणारी प्लेट घालायचा आणि एकच आरोळी द्यायचा, "कदलोद्दु!" म्हणजे हलू नका. मग ओकटी, रेंडु, मूडु. एक, दोन, तीन. आमच्या गल्लीत मराठी, कानडी, मुसलमान सगळ्या घरांतली पोरं खेळताना 'कदलोद्दु' म्हणूनच एकमेकांना थांबवायची.

माझं भांडण त्याच खुर्चीत सुरू झालं. मी डोक्यावर आरशांची पाटी घेऊन गावोगाव अनवाणी हिंडलेला माणूस. स्वतःच्या नावाची पाटी दुकानावर चढली, तेव्हा वाटलं की गादीमागं आपला एक मोठा फोटो असावा. फेटा, उपरणं, घड्याळाच्या साखळीवर हात. गेलो आणि बसलो. नरसय्या 'कदलोद्दु' म्हणाला. ओकटी म्हणाला, आणि त्याच्या दारातून मला समोर दिसलं की माझा गडी एका बाईला बिलोरी आरसा कवडीमोलानं देतोय. मी बसल्या जागेवरून बोंब ठोकली. प्लेट धुतली तेव्हा फेटा एक आणि नाकं तीन निघाली.

दुसऱ्यांदा त्यानं दार लावून घेतलं. दार लावल्यावर तर मला काहीच दिसेना, त्यामुळं गडी काय काय देत असेल या विचारानं मी मूडु म्हणायच्या आत उठून उभा राहिलो. त्या फोटोत खुर्ची फार सुंदर आली आहे आणि तिच्यातून एक धूर निघाला आहे. तिसऱ्यांदा त्यानं माझ्या मानेमागं लोखंडी आकडा लावला. हलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी फोटोवाले तो ठेवतात. माझा अपमान झाला. मी आकडा उपटला आणि घरी आलो.

धुराचा फोटो त्यानं घरी पाठवला होता. माझी बायको रखमा तो दिव्याजवळ धरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "अवो, ह्यो लई खरा आलाय. घरात तुमी असंच दिसताय."

मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो नाही. समोरासमोर दुकानं, पण दोन महिने मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो बघत होता, मला दिसायचं.

मग एक दिवस तो स्वतःच माझ्या दुकानात आला. हातात पाण्याचा तांब्या. त्याला जाड काच हवी होती. मी पाच काचा पुढं टाकल्या. त्यानं माझ्याकडून बादली मागितली, पाणी मागितलं, आणि तांब्यातून बादलीत एक मासा सोडला. बोटाएवढा, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. मग एकेक काच पाण्यात उभी धरून तो तिच्यातून मासा बघत बसला. सकाळी आला होता. दुपारी मी जेवून आलो तरी बसलेलाच. संध्याकाळी म्हणाला, "तिसरी बरी आहे. पण उद्या एकदा बघतो. आज मासा दमलाय."

"काच घ्यायची हाय का माशाची सोयरीक जमवायचीय?" मी ओरडलो.

"काच अशी पाहिजे मालक, की माशाला कळू नये मध्ये काच आहे."

"आन् मग?"

"मग त्याचा फोटो काढायचा. पाण्यात. त्याच्या घरात."

मी गडगडाट करून हसलो. तो थांबला. माझं हसू संपल्यावर त्यानं सांगितलं की मागाशेजारी पाण्याचा रांजण असायचा, डास होऊ नयेत म्हणून त्यात बाप असलेच मासे सोडायचा, आणि धागे जोडता जोडता हा त्यांच्याकडं बघायचा. बरणीत मासा घालून त्यानं फोटोच्या खोलीत प्रयत्न करून बघितला होता. "खुर्चीवर बसवल्यासारखा ताठ झाला," म्हणाला. "गिऱ्हाइकाचं तोंड झालं त्याचं. इतकी वर्षं मालक, लोकांनी सांगितलेले फोटो काढले. लग्नाचे, बारशाचे, मेलेल्या म्हाताऱ्याचे. हा एक मला पाहिजे म्हणून काढायचाय."

आता त्याला लागत होती निवळ पाण्याची विहीर. आणि विहीर होती माझ्याकडं. मंद्रूपच्या रस्त्याला मी नुकतीच थोडी जमीन घेतली होती, लिंबाची बाग लावायला. विहिरीला पायऱ्या होत्या, पाणी काचेसारखं होतं, आणि त्यात तेच रेघवाले मासे होते. फक्त एक अडचण होती. मोटेनं पाणी काढणं मला पुरत नव्हतं. मी तेलावर चालणारं इंजिन बसवणार होतो, आणि बसवायच्या आधी विहीर पूर्ण उपसून गाळ काढायचा होता. म्हणजे मासे गेले.

"इंजिन कधी येणार?" त्यानं विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात घाई ऐकली. मी व्यापारी माणूस, लगेच ओळखलं, की गरज त्याची आहे.

"भाव ठरला की यील. तवर विहीर तुमची," मी म्हणालो. "बदल्यात माझा फोटो. मोठा. न हललेला."

"मालकांचा फोटो. मोठा. न हललेला. कबूल," तो म्हणाला आणि हातावर हात मारला. हे शब्द वाचणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावेत. मी ठेवले नाहीत.

पाडव्यानंतर तो विहिरीवर जायला लागला. घासलेटचे दोन डबे कापून, डाग देऊन त्यानं एक पेटी केली होती. पुढं माझी काच, फटींना डांबर, वरचं तोंड उघडं. पेटी पायरीवर ठेवून धोंड्यांनी दाबायची, म्हणजे काच पाण्याखाली आणि आत कॅमेरा कोरडा. ऊन विहिरीच्या तळापर्यंत भर दुपारीच यायचं, तेही अर्धा तास. म्हणून माझ्या दुकानातला एक आरसा काठावर धरून उजेड आत टाकायचा. आरसा धरायचं काम बिरू तात्याकडं. बिरू तात्या म्हणजे माझा मोटकरी. त्या वेळी मोट बंद ठेवावी लागे, म्हणून तात्या आणि बैल दोघंही नरसय्यावर खूष होते.

आठ दिवसांनी मी विचारलं, "किती फोटू काढले?"

"एक बी न्हाय की!" तात्या म्हणाला. "पेटी रिकामीच ठिवतुया. छातीएवढ्या पान्यात हुबा ऱ्हातुया. मालक, त्यो मानूस हाय का खांब? काल बेडूक खांद्यावर बसून गेला त्येच्या."

नरसय्याचं म्हणणं, माशांना पेटीची सवय व्हायला पाहिजे. "आपण त्यांच्या घरी गेलोय. आल्या आल्या पेटारा उघडायचा का?" सगळं सोलापूर उकाड्यानं भाजत असताना हा दुपारी थंडगार पाण्यात उभा. मी बाजारात सांगायचो, फोटोचं निमित्त आहे, माणसाला गारव्याला बसायचंय. पण संध्याकाळी तो रस्त्यानं परतायचा तेव्हा त्याच्या हातांची बोटं सुरकुतून मनुक्यासारखी झालेली असायची, आणि दुकान दुपारभर बंद ठेवल्यानं लग्नसराईची गिऱ्हाइकं दुसरीकडं जात होती, हेही मला समोरून दिसत होतं.

महिना गेला. तोवर मासे त्याच्या बोटांना तोंड लावून जायचे. शेपटीला खाच पडलेली एक मासोळी होती, तिला तर तो लांबून ओळखायचा. पण फोटो होईना. मी कारण विचारलं तर त्यानं समजावून सांगितलं. आधी काचेवर चित्र नीट जमवून घ्यायचं. मग त्या जागी प्लेट घालायची. प्लेट घातली की आतलं काही दिसत नाही, फोटोवाला आंधळा. म्हणजे मासा आधी ठरवलेल्या जागीच यायला पाहिजे, बोटभर मागं नाही की पुढं नाही, आणि तीन मोजेपर्यंत तिथं राहायला पाहिजे. ती जागा दाखवायला त्यानं पाण्यातल्या पायरीवर एक पांढरा खडा ठेवला होता. मासे सगळीकडं यायचे, खड्याजवळ सोडून.

मी म्हणालो, "पीठ टाका." तर पिठानं पाणी गढूळ होतं. "दोरा बांधा." तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी विषय बदलला.

आणि एके दिवशी ती खाचवाली खड्याजवळ आली. प्लेट आत होती. नरसय्याचा हात भिंगावरच्या झाकणावर होता. नेमका तेव्हाच मी एजंटाला विहीर दाखवायला घेऊन आलो आणि काठावरून माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "अण्णा, झालं का न्हाय?"

पाणी एकदम रिकामं झालं. दोन दिवस एकही मासा वर आला नाही. मला वाटलं, आता हा भांडेल. मी तयारीनंच उभा होतो, चार उत्तरं जुळवून ठेवली होती. तो फक्त म्हणाला, "मालक, पाण्याला कान असतात." चारही उत्तरं माझ्याकडंच राहिली. ती अजून आहेत.

हा एजंट म्हणजे इंजिनवाल्यांचा माणूस. कोट, टोपी, सारखा घाम पुसणारा. त्याला मी तीनदा परत पाठवला होता. मी भाव पाडतोय असं सगळ्यांना सांगत होतो, आणि माझा स्वभाव माहीत असल्यानं कुणाला शंका आली नाही. फक्त रखमा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, इंजनाचा भाव पाडताय का माशाचं बारसं हुईस्तवर थांबताय?"

"तुला व्यापारातलं काय कळतंय?" मी म्हणालो आणि पाणी पिऊन बाहेर पडलो.

पायांची गोष्ट निघाली ती तात्यामुळं. एका दुपारी तो पायरीवर पाय धूत होता, तर मासे गोळा होऊन त्याच्या टाचा टोकरायला लागले. नरसय्यानं ते बघितलं आणि तात्याला म्हणाला, खड्याजवळ पाय ठेवून उभा राहा. तात्या उभा राहिला. मासे आले. तात्या खो खो हसत पाण्यात बसला. "गुदगुल्या व्हत्यात की वो! मेलो, मेलो!"

नरसय्यानं स्वतःचे पाय ठेवून बघितले. विणकराचे मऊ पाय, मासे हुंगून निघून गेले. मग त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. मी काठावर चपला काढून बसलो होतो. त्या टाचा म्हणजे सांगोल्यापासून मंद्रूपपर्यंतचे सगळे रस्ते, खडे, काटे. उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा. सराफानं दागिना हातात घ्यावा तसा तो वाकून बघत राहिला. "मालक," तो म्हणाला, "असे पाय सबंध सोलापुरात नाहीत."

माझी स्तुती लोक करतात तेव्हा त्यांना उधारी हवी असते. या माणसाला फक्त पाय हवे होते. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि धोतर वर खोचलं.

पहिल्या दिवशी मला शिंक आली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शेतातलं कुणाचं तरी जनावर माझ्या लिंबांत शिरलं आणि मी पाण्यातूनच त्याच्या मालकाचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. नरसय्या रोज प्लेट तशीच बाहेर काढायचा, पुसायचा, ठेवायचा. म्हणायचा, "मालक, तुम्ही भाव करताना कसं करता?"

"आधी बोलंल त्यो हरला," मी म्हणालो.

"मग इथं पण तसंच. फक्त समोर मासा आहे."

चौथा दिवस. ऊन तळाला टेकलं. तात्यानं आरसा धरला. मी गुडघाभर पाण्यात, डोक्याला फेटा, नजर समोरच्या दगडावर. नरसय्या पेटीजवळ छातीभर पाण्यात. आधी दोन बारके मासे आले, मग चार. आणि मग खाली दगडाच्या कपारीतून ती खाचवाली निघाली. माझ्या पायापाशी ती येतेय हे मला कळलं, कारण नरसय्याचा श्वास थांबला.

तेवढ्यात वर काठावर बूट वाजले.

"नमस्कार, मालक," एजंट वरून म्हणाला. "आज शेवटचं विचारायला आलोय. करकंबचा एक बागाईतदार आमच्या भावाला तयार आहे. तुम्ही आत्ता होय म्हणा, नाहीतर इंजिन तिकडं जाईल."

इंजिन गेलं तर पुढचं यायला वर्ष गेलं असतं, आणि लिंबाची रोपं त्या उन्हाळ्यात जळून गेली असती. माझ्या जिभेवर एक अख्खं उत्तर तयार होतं, त्याच्या कंपनीपासून त्याच्या कोटापर्यंत. खाचवाली माझ्या टाचेला लागली. मी नरसय्याकडं बघितलं नाही, पण त्याची सुरकुतलेली बोटं झाकणाकडं सरकताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. महिनाभर बेडूक खांद्यावर घेऊन उभा राहिलेला माणूस याच घडीसाठी थांबला होता.

मी गप्प राहिलो.

"काय मालक? जास्त वाटतो का?" वरून आवाज आला.

गप्प.

"बरं, तुमच्यासाठी थोडं कमी करू."

तात्यानं आरसा धरल्या धरल्या तोंडावर उपरणं दाबलं. नरसय्यानं झाकण काढलं. ओठ हलले, आवाज नाही. ओकटी.

"अहो, असं रागावू नका. पाइपांचे वेगळे पैसे लावत नाही, झालं?"

रेंडु. मासोळी टाचेच्या भेगेत तोंड खुपसून होती.

"शेवटचं सांगतो, मालक. बसवायला माणसं आमची. आता तरी बोला!"

मूडु. झाकण बसलं. नरसय्यानं डोळे मिटले.

"ठरलं!" मी जे ओरडलो ते म्हणे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. एजंट कठड्यावरून दोन पावलं मागं सरला. जन्मात एवढ्या स्वस्तात मी काही घेतलं नव्हतं, आणि त्यासाठी एक शब्दही खर्चला नव्हता. हे मी पुढं कुणाला शिकवलं नाही. धंद्याचं गुपित आहे.

आठवड्यानं नरसय्या कापडात गुंडाळलेली एक मोठी चौकट घेऊन दुकानात आला. मी फडकं काढलं. मासोळीचा एकेक खवला मोजता येत होता. शेपटीची खाच, अंगावरची काळी रेघ, उघडा डोळा. ताठपणा कुठंच नाही, घरात जेवायला बसल्यासारखी. आणि तिच्या दोन्ही बाजूंना माझे दोन पाय, भेगांसकट, चढलेल्या करंगळीसकट. घोट्यांच्या वर पाणी, आणि पाण्याच्या वर काही नाही.

मी बराच वेळ बघितलं. मग भानावर आलो. "आन् माझा फोटू?"

"हाच की."

"ह्यो माशाचा हाय!"

"मालकांचा फोटो. मोठा. न हललेला," तो शांतपणे म्हणाला. "पाय मालकांचेच आहेत. तोंडाचं बोलणं झालं नव्हतं."

पंधरा वर्षांच्या धंद्यात मला असं कुणी गुंडाळलं नव्हतं. मी दुकान डोक्यावर घेतलं. तो उभा राहिला, मी संपेपर्यंत. मग 'ओपिक' न म्हणताच हसला. तो दात दाखवून हसलेला मी तेवढाच बघितला. दुसरी प्रत त्यानं आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेत लावली, नवरानवरीच्या जोड्यांच्या मधोमध. गल्लीतल्या पोरांनी करंगळीवरून दोन तासांत मालक शोधून काढला. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

इंजिनाची माणसं ज्या सकाळी उपसा करायला आली, त्या सकाळी मी पोचलो तर ती काठावर रांगेनं बसलेली. खाली नरसय्या कमरेएवढ्या पाण्यात, एक घागर आडवी करून पाण्यात धरून उभा. मासे घागरीत आपण होऊन येत होते, एकेक. तो त्यांना पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीत सोडणार होता. जाळं टाकलं तर खवले निघतात, असं त्याचं म्हणणं.

"मालक, सकाळधरनं असंच चाललंय," मुकादम वैतागून म्हणाला. "अजून एक ऱ्हायलाय म्हनतुया. आमी काय करायचं?"

खाचवाली आली नव्हती. नरसय्यानं माझ्याकडं वर बघितलं. मग माझ्या पायांकडं.

मी चपला काढल्या. धोतर खोचलं. खाली उतरलो आणि घागरीच्या तोंडाशी पाय ठेवून उभा राहिलो. वर मुकादमानं तोंड उघडलं, तसा मी मान न वळवता म्हणालो, "कदलोद्दु!"

काठावरची सगळी माणसं गप्प झाली. ऊन एक पायरी सरकलं. मग माझ्या टाचेला ओळखीचं तोंड लागलं, सुटलं, आणि घागरीत एक बारीक हालचाल झाली.

नरसय्यानं घागर उभी केली आणि डोक्यावर घेतली. एकेक पायरी चढून वर गेला. इतकी वर्षं रिकाम्या डोक्यानं ज्या चालीनं चालायचा, त्याच चालीनं बांधावरून चालत गेला, आणि खरंच एक थेंब सांडला नाही. उपसा सुरू झाला तरी त्यानं मागं वळून बघितलं नाही. घागरीला लाटा आल्या असत्या.

त्या पावसाळ्यात हैदराबादकडं नरसय्याच्या भावाचा संसार उघड्यावर पडला, म्हणून तो दुकान आवरून गेला. मी मालाला मुंबईला गेलो होतो. परत आलो तर समोरचं दार बंद, आणि माझ्या गादीवर तो बिनमानेच्या मोराचा पडदा गुंडाळून ठेवलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

पडदा मी गादीमागं लावला आहे आणि त्यावर पायांचा फोटो. समोरच्या जागेत आता दुसरा फोटोवाला आलाय, हुशार पोरगा आहे. त्याचा कॅमेरा नवा, डोळा मिटायच्या आत फोटो निघतो, हललं तरी चालतं म्हणे. दर दिवाळीला विचारतो, "मालक, या की एकदा. तुमच्या तोंडाचा एक काढू."

मी त्याला सांगतो की माझं एका माणसाशी बोलणं झालेलं आहे. तोंडाचं राहिलंय, ते त्याच्याकडूनच काढून घेणार. मग मी फेटा सारखा करतो आणि दाराकडं तोंड करून बसतो.